पाटावर मांडलेला मदरबोर्ड

आलापल्लीचं ते क्वार्टर आठवायचं म्हटलं की मला आधी आवाज ऐकू येतात आणि मग घर दिसतं. मागे लाकडाचा डेपो होता. सकाळी ट्रक लागले की सागाचे ओंडके खाली ढकलले जायचे आणि आमच्या फळीवरची भांडी थडथडायची. मायला त्या दणदणाटाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी ट्रक आला नाही तर ती चुलीपुढूनच विचारायची, "आज काऊन सुनंसुनं वाटून राह्यलं?" पुढच्या ओट्यावर बाबा जाळं विणत बसलेले असायचे. आमचं घराणं मासेमारीचं, सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या काठचं. तिथल्या तलावावर बाबांचा हक्क होता, इथं कुठल्याच पाण्यावर नव्हता. पण हात रिकामा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते विणत राहायचे आणि गावाकडून कुणी आलं की तयार जाळं त्याच्या खांद्यावर टाकायचे. जाळं पाण्यात झपकन बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवतात. ते मणी बाबा स्वतः ओतून एका डब्यात ठेवायचे, आणि मी रांगती होते तेव्हा खुळखुळा म्हणून मला तोच डबा मिळायचा, असं माय सांगायची. शिसं विषारी असतं, असं आता माझी मुलगी मला शिकवते. शिकवू दे. मी अजून धडधाकट आहे.

मायचा जीव खाण्यापिण्यात. बाजारात वास्ते आले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, की ती त्यांची भाजी करायची आणि पहिल्याच घासाला म्हणायची, "आपल्याकडच्यासारखे नाईत हे." गावाहून आणलेले सुके झिंगे ती जपून वापरायची. अंबाडीची आंबट भाजी, पातळ वरण आणि गच्च भात, वर दोन-चार झिंगे, असं ताट ती ताईपुढे ठेवायची आणि ताई जेवेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसायची. ताई जेवते की नाही, हीच त्या घरातली मोठी बातमी होती.

कारण ते क्वार्टर ताईच्या नोकरीचं होतं आणि ती नोकरी मुळात भाऊजींची. भाऊजी वनरक्षक होते. भामरागडकडच्या जंगलात ड्यूटी असताना ताप आला. पावसाचे दिवस, नाल्यांवरून पाणी, रस्ता बंद. दवाखान्यात पोचवलं तेव्हा फार उशीर झाला होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. सासरची माणसं दूरची आणि गरीब. खात्यानं त्यांच्या जागी ताईला कारकुनाची नोकरी दिली आणि माय-बाबा पोरीला एकटं कसं ठेवायचं म्हणून गाव सोडून इथं येऊन राहिले, मीही आले. नोकरीला एक अट होती. ठरलेल्या मुदतीत संगणकाची परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, आणि विधवा पोरीनं पुन्हा गावी जाऊन रोवणीला, म्हणजे धान लावायला, चिखलात उभं राहायचं. ताई एकदा नापास झाली होती. तिची बोटं कळफलकावर गेली की लाकडी व्हायची. मुदत संपायच्या आधी अजून एकच परीक्षा उरली होती.

परीक्षा जिथं व्हायची त्या केंद्रात मी काम करत होते. चंद्रपूरला मावशीकडे राहून मी हार्डवेअरचा कोर्स केला होता. त्या कोर्सला मी एकटी मुलगी. सरांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं, "टायपिंगचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, माहीत आहे ना?" माहीत होतं. तरी मी खालीच बसले. केंद्र चालवायचे ते भोयर सर, भला माणूस, पण त्यांना मशीन उघडायची इतकी भीती की स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तरी घाम फुटायचा. त्यामुळे आमची जोडी चांगली जमली होती. केंद्रात मोजकीच मशीनं होती आणि त्यांतलं एक मोठं. परीक्षेचे प्रश्न त्या मोठ्या मशीनमध्ये भरायचे आणि तिथून वायरीनं बाकीच्यांवर जायचे. ते बंद तर सगळं बंद.

परीक्षेच्या तोंडावर एका संध्याकाळी वीज कडाडली. टेलिफोनच्या वायरीतून ती केंद्रात शिरली. मी छत्री घेऊन धावत गेले तर खोलीत जळकट वास आणि भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाची बटणं काळी. मोठ्या मशीनचं झाकण काढलं तेव्हा मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यात करपल्याचा डाग होता. मदरबोर्ड म्हणजे ज्या हिरव्या पाटीवर मशीनचं सगळं बाकीचं सामान बसतं ती पाटी. तीच गेली होती; बाकीची मशीनं वाचली होती. भोयर सर वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला होते. एसटीडीवरून त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बोर्ड पाठवायची व्यवस्था करतो. तू बसव. जमते ना?"

"जमते," मी म्हटलं.

जमत होतं, पण पाठीमागे कोर्सचे सर उभे असताना. एकटीनं मी आजवर एकही बोर्ड बसवलेला नव्हता, आणि हे त्या फोनवर सांगायची सोय नव्हती. घरी येऊन ताईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. तिनं विचारलं, "होईन ना?" मी म्हटलं, "होते वो ताई, त्यात काय." तिनं मान हलवली आणि निवडलेल्याच शेंगा पुन्हा निवडायला घेतल्या.

बोर्ड आला तो परीक्षेच्या आदल्या दिवशी, चंद्रपूरच्या एसटीतून, ड्रायव्हरच्या हातून. आमच्याकडे सगळं असंच यायचं. औषध, लग्नाचं बोलावणं, कोंबडीची पिल्लं, काय वाटेल ते. ड्रायव्हर म्हणाला, "काच हाये म्हणून सांगतलं होतं, म्हून मांडीपाशी ठेवलं बाई." खोकं कोरडं होतं. मी त्याला इतक्यांदा धन्यवाद म्हटलं की तो चमकून माझ्याकडे बघायला लागला.

केंद्रात वायरमन जळकी वायरिंग बदलत होता, तिथं ना वीज ना जागा. म्हणून मी मोठं मशीन हातगाडीवर घालून क्वार्टरमध्ये आणलं आणि पुढच्या खोलीत उजेडात चटई टाकून बसले. मायनं फरशी दोनदा पुसली. बोर्डाला हात लावायच्या आधी अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावायचा, हे कोर्सच्या सरांनी शिकवलं होतं. मी दर थोड्या वेळानं उठून खिडकीच्या गजाला हात लावून यायचे. माय दारातून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "खिडकीच्या पाया पडून राह्यली का वो बेबी? देव इकडं हाये, कोनाड्यात." मी हसले नाही. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

जुना बोर्ड काढला. त्याच्यावरचा प्रोसेसर अलगद सोडवून नव्यावर बसवला. त्याचे पाय केसासारखे बारीक, एक वाकला तर संपलं. तो नीट बसला. मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंनी टक टक करून बसली. मग अडचण आली. लोखंडी डब्याच्या तळाला बोर्ड टेकू नये म्हणून मधे छोटे धातूचे पाय लावतात. आमच्या डब्यातले काही पाय ओलीनं गंजून तुटले, आणि नव्या बोर्डाची भोकंही जुन्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी. तीन ठिकाणी पायच नव्हते. आलापल्लीत असले पाय कुठं मिळणार? चंद्रपूरला सांगून मागवायचे तर दुसऱ्या दिवशीची एसटी. मी डोक्याला हात लावून बसले.

बाबा ओट्यावरून आत आले. वाकून बघितलं. "काय पायजे?"

"इथी मधात काहीतरी पायजे. उंच राहाले. मधून भोक असलं पायजे, स्क्रू जाईन असं."

बाबांनी क्षणभर बोर्डाकडे पाहिलं, मग ओट्यावर गेले आणि मण्यांचा डबा घेऊन आले. शिशाचा मणी म्हणजे छोटी नळीच, मधून आरपार भोक. एक ठेवून पाहिला. उंचीला तंतोतंत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो जसा काही तलावच आमच्या नावावर झाला. बाबांनी डब्यातून सारख्या मापाचे मणी निवडून दिले, एकाची कड चाकूनं तासली. माय म्हणाली, "पाहा, बापाचं कसब पोरीच्या कामी आलं." मी स्क्रू घातले आणि घट्ट आवळले. बोर्ड हलता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. मग वायरी जोडल्या. हार्ड डिस्कच्या पट्टीची लाल कड योग्य बाजूला, बटणाच्या बारीक वायरी आपापल्या पिनांवर. सगळं पुन्हा एकदा बघितलं. खिडकीला हात लावला. बटण दाबलं.

पंखा एक गिरकी घेऊन थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढीच गिरकी. मग काहीच नाही. खोलीत डेपोतल्या ओंडक्याचा धप् आवाज तेवढा आला. आजही एखाद्या गिऱ्हाइकाचं मशीन असं वागलं की आधी तो दिवस आठवतो, मग मी विचार करायला लागते. त्या दिवशी विचार सुचेना. जळला, एवढंच मनात येत होतं. एकच बोर्ड होता, आणि तो मी जाळला.

नेमकी तेव्हाच ताई ऑफिसातून जेवायला आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "झालं?"

"होते," मी म्हटलं, पण माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ताईनं मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती आत गेली. मायनं ताट वाढलं. मला आतून ताट सरकवल्याचा, पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला, जेवल्याचा आला नाही. माय बाहेर येऊन पुटपुटायला लागली, कुणाची तरी नजर लागली, मीठ ओवाळून टाकते. मी तिच्यावर खेकसले, "माय, तू आता मीठ आणू नको इथी!" ती बिचारी मुठीतलं मीठ घेऊन तशीच परत गेली. बाबा भिंतीला टेकून उभे होते, हलत नव्हते.

मी एकेक वायर काढून पुन्हा लावली. मेमरी काढून पुन्हा बसवली. तेच. मग मी हात मांडीखाली दाबून बसले आणि कोर्सचे सर काय सांगायचे ते आठवायचा प्रयत्न केला. सर सांगायचे, काही सुचत नसेल तर बोर्ड डब्यातून बाहेर काढ, कोरड्या पुठ्ठ्यावर ठेव आणि उघडा चालवून बघ. मी स्क्रू सोडले, बोर्ड उचलला, आणि मला दिसलं. शिसं मऊ असतं. मी स्क्रू आवळला तसा एक मणी दबून पसरला होता, भाकरी थापताना कड पसरते तसा, आणि त्याची कड बोर्डाच्या पोटावरच्या सोल्डरच्या, म्हणजे झाळणीच्या, ठिपक्यांना टेकली होती. जिथून वीज जाऊ नये तिथून ती जात होती.

बाबांनीही पाहिलं. त्यांना विजेतलं काही कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून कळलं. चपटा झालेला तो मणी त्यांनी उचलला आणि विचारलं, "माह्या हातानं जळलं का, बेबी?"

मलाच माहीत नव्हतं. बोर्ड वाचला असेल किंवा नसेल, ते चालवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चालवून बघायची माझी हिंमत होत नव्हती. जोवर बटण दाबत नाही तोवर तो जळलेला नाही, असं काहीतरी वेडं गणित मी करत होते. ताई आतून हात पुसत आली. तिनं एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काय पायजे तुले?" तिनं विचारलं.

"काहीतरी कोरडं. लाकडाचं. सपाट."

तिनं भिंतीला लावलेला पाहुण्यांचा पाट आणला, सागाचा, गुळगुळीत. माय म्हणाली, "अवं, जेवाचा पाट हाये तो!" ताई म्हणाली, "जेवाचीच तर गोष्ट हाये, माय." त्या दिवसांत ती इतकं लांब वाक्यही क्वचितच बोलायची. मी पाट पदरानं पुसला, बोर्ड त्यावर मांडला, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क बाजूला ठेवली. डब्याचं बटण आता नव्हतं, म्हणून दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकदम टेकवायचं होतं. मी टोक नेलं, हात हलला, भलत्याच ठिकाणी लागेल म्हणून परत घेतला. ताईनं माझं मनगट धरलं. थंड हात. तिच्याच आधारानं मी टोक टेकवलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. मग मशीननं एक छोटी शिटी दिली, सगळं ठीक असलं की देतं ती, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उतरायला लागली. मायला वाटलं काही बिघडलं, कारण मी एकदम रडायला लागले. बाबा ओट्यावर गेले आणि नायलॉनची सुतळी घेऊन आले. पॉवर सप्लाय, डिस्क, वायरी, सगळं त्यांनी पाटाला असं बांधलं की वादळातही हललं नसतं. बोर्डाला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. "ते तूच पाहा," म्हणाले.

पण काम संपलं नव्हतं. नवा बोर्ड म्हणजे नवा माणूस, त्याला घरातलं सगळं सांगावं लागतं. कुठली डिस्क जोडली आहे, कुठून सुरू व्हायचं, आज तारीख काय. निळ्या पडद्यावर तो मला तारीख दाखवत होता ती काही वर्षांपूर्वीची, पहिली जानेवारी. परीक्षेचा प्रोग्राम तारीख चुकली तर उघडायचाच नाही, म्हणून मी ती आधी बदलायला गेले. ताई मागे उभी होती. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा सांगून ती घरीच थांबली होती.

"हे कोणतं साल दाखवून राह्यलं?" तिनं विचारलं.

"असंच असते. कारखान्यातलं. आता आजचं टाकतो."

"थांब." मी थांबले. ती पडद्याकडे बघत होती. "तवा ते होते," ती म्हणाली. मागे डेपोत मजूर ओरडत होते. मी कळफलकावर बोटं ठेवून तशीच बसले. मग ती म्हणाली, "कर आता," आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी वर्ष पुढे नेलं. बटण दाबलं की आकडा एकेकानं पुढे जायचा, आणि मला ते तिच्या पाठीमागे लपून करावंसं वाटलं.

नंतर सीडी घालून एकेका गोष्टीची ओळख करून दिली. पडदा आधी भडक मोजक्याच रंगांत आला, मग नीट झाला. दर वेळी मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं आणि दर वेळी ती शिटी येईपर्यंत आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. संध्याकाळची वीज जायच्या आत प्रश्नपत्रिकेचा प्रोग्राम उघडला. बोर्ड डब्यात परत घालावा का, असं बाबांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मणी नाही तर दुसरं काही लावून जमलं असतं, आता मला दहा उपाय सुचतात. पण एकदा चाललेलं पुन्हा उचलायची माझी छाती नव्हती. दुधानं पोळलेली मी.

म्हणून सकाळी तो पाटच केंद्रात न्यायचा ठरला; तिथलं वायरमनचं काम रात्रीच संपलं होतं. एका बाजूनं बाबा, एका बाजूनं मी. आभाळ भरलेलं होतं, म्हणून माय छत्री घेऊन पाटावर धरत, आमच्याबरोबर आडवी चालत. ताई पुढे, रस्त्यातल्या पोरांना, सायकलींना, बकऱ्यांना बाजूला करत. डेपोच्या फाटकातला एक हमाल ओरडला, "काका, गणपती आता काऊन?" बाबा एरवी कुणाला सोडायचे नाहीत, पण त्या दिवशी पायाखालची वाट सोडून त्यांनी कुठं पाहिलं नाही. मी बोर्डाकडे बघत चालत होते आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या दातावर दात आपटत होते.

गडचिरोलीहून आलेले पर्यवेक्षक दारातच थांबले. "हे काय आहे?"

"मोठं मशीन, सर."

"डबा?"

"डबा आहे सर. पण ते असंच चालते."

त्यांनी पाटाभोवती एक फेरी मारली. मला वाटलं आता म्हणतील, परीक्षा रद्द. ताई माझ्या मागे उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. "चालवून दाखवा," ते म्हणाले. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. शिटी आली. ते म्हणाले, "बसवा मुलांना."

ताई कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. बाकीची बहुतेक पोरं होती, कुणी कमलापूरहून, कुणी त्याहून आतून आलेली, परीक्षेसाठी रात्री नातेवाइकांकडे मुक्काम केलेली. मी पाटाशेजारी उभी राहिले आणि तेव्हा वर पाहिलं. छताच्या वाशाला, बोर्डाच्या बरोबर वर, एक पाल होती. जाडजूड, स्वस्थ. पाली पडतात. हाकलायला काठी घेतली तर ती सुटून खालीच येणार. मी बोर्डाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि पाटावर छपरासारखा, पण न टेकवता, दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पंख्याला वारा हवा, म्हणून फार खालीही धरता येईना. पर्यवेक्षकांनी बघितलं, मग वर पाहिलं. माझे दंड भरून आले. ताईच्या पाठीवरून मला काहीच कळत नव्हतं. मधे ती थांबली की मला वाटायचं बोटं पुन्हा लाकडी झाली. मग कळफलकाचा आवाज यायचा, हळू, एकेक, पण यायचा. पाल जराशी सरकली, पुन्हा थांबली. मी मनातल्या मनात त्या पालीला हात जोडले. देवाला जोडायचे तर हात मोकळे नव्हते.

त्या परीक्षेत निकाल लगेच पडद्यावर यायचा. ताईच्या पडद्याचा रंग बदलला. उभ्या जागेवरून मान लांब करून मी बघितलं. उत्तीर्ण. पुन्हा वाचलं. उत्तीर्ण. माझ्या तोंडून "ताई!" निघालं आणि पर्यवेक्षकांनी ओठांवर बोट ठेवलं, बाकीच्यांचा वेळ चालू होता.

ताई उठली नाही. मला वाटलं तिला दिसलंच नाही. मग तिचे खांदे हलताना दिसले. भाऊजींना आणलं त्या दिवशीही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सगळ्या बाया तिला रड रड म्हणत होत्या आणि ती भिंतीकडे बघत बसली होती. आता ती कळफलकावर कपाळ टेकवून रडत होती, आवाज न करता, आणि पोरं आपापल्या पडद्यांवरून चोरून बघत होती. मी पुठ्ठा धरून खिळल्यासारखी उभी. सोडला आणि काही झालं तर या पोरांची परीक्षा जाईल. नाही सोडला तर ताई तिथं एकटी. पर्यवेक्षक उठून आले आणि त्यांनी माझ्या हातातून पुठ्ठा घेतला. "जा तुम्ही," हळूच म्हणाले. "मी धरतो."

मी तिच्याशेजारी खाली बसले. तिच्या कानाशी म्हटलं, "पास झाली ना वो ताई. आता कोणी काढू शकत नाई तुले. रडून काऊन राह्यली?"

तिनं मान वर केली नाही. "आतापोतर मले वाटे," ती म्हणाली, "ते परत येतवरी मी त्याईची जागा धरून बसली हावो."